न्हाणीला जाणाऱ्यास सूचना

शनिवार, १० मे

गंधारने नोकरी सोडली. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तेही जेवताना, भातावर वरण घेता घेता. "बाबा, आय क्विट. येस्टरडे वॉज माय लास्ट डे." घरातलं दूध संपलं म्हणून सांगावं तसं.

आइंडहोवेनच्या चिपच्या कंपनीत लागून त्याला वर्षही झालं नाही. यतीनने तिथे त्याच्यासाठी शब्द टाकला होता. यतीन माझा कॉलेजपासूनचा मित्र, त्याच कंपनीत मोठ्या जागेवर आहे, आणि हे उपकार तो मला दर दिवाळीला जरीच्या कापडात गुंडाळून दाखवणार आहे.

कारण विचारलं. कारण काय, तर एक नदी. कॅनडाच्या पार उत्तरेला, जिथे रस्तासुद्धा जात नाही, तिथे एक राष्ट्रीय उद्यान आहे, त्यातून ती वाहते. ती आमच्या चिरंजीवांना आणि त्यांच्या यूप नावाच्या डच मित्राला होडीतून उतरायची आहे. उद्यानाचं नाव नहानी. मला आधी न्हाणी ऐकू आलं. म्हटलं, न्हाणी आपल्या घरात वरच्या मजल्यावर आहे, त्यासाठी कॅनडा कशाला. तो हसला नाही. त्याला न्हाणी हा शब्दच माहीत नाही, कारण घरात आम्हीही बाथरूमच म्हणतो.

मग आवाज चढले. मी म्हणालो, शिक्षण, नोकरी, सगळं तयार ताटात मिळालं म्हणून ही थेरं सुचतात. तो म्हणाला, "यू प्लॅन्ड माय होल लाइफ लाइक अ कंटेनर." रॉटरडॅम बंदरात कुठला कंटेनर कुठल्या दिवशी कुठे पोचेल ते ठरवणं हे माझं काम. त्या पगारावर हा डेल्फ्टच्या विद्यापीठात शिकला. मी म्हणालो, "गेलास तर गेलास. परत या दारात उभं राहायचं नाही."

तो म्हणाला, "ओके." ताट विसळून मशीनमध्ये ठेवलं आणि वर गेला. अश्लेषा म्हणाली, "श्री, शब्द मागे घे." म्हटलं, बोललो ते बोललो.

मंगळवार, १३ मे

अबोला. तिघेही एकाच टेबलावर जेवतो. मला काही सांगायचं असेल तर मी अश्लेषाला सांगतो, त्याला काही म्हणायचं असेल तर तो आईला म्हणतो. ती मध्ये बसून पोळ्या वाढते. दिवसभर हाउसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन घ्यायचे आणि घरी येऊन पुन्हा हेच, असं म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्या न्हाणीची माहिती वाचली. कौतुक म्हणून नव्हे. मुलगा कुठल्या मूर्खपणापायी घर सोडतोय ते बापाला माहीत असावं. तर तिथे जायला आधी येलोनाइफपर्यंत विमान. मग फोर्ट सिम्पसन नावाच्या त्याहून लहान गावापर्यंत त्याहून लहान विमान. तिथून पाण्यावर उतरणारं विमान, जे माणसांना त्या नदीवरच्या मोठ्या धबधब्याच्या वरच्या अंगाला सोडून सरळ निघून जातं. मोसम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. फोन लागत नाही. जाण्याआधी उद्यानाच्या कचेरीत नाव नोंदवायचं, आणि बाहेर आल्यावर आलो म्हणून कळवायचं. आलात की नाही हे ज्यांना विचारावं लागतं, त्यांच्याकडे माणसाने जावंच कशाला?

हवा बिघडली तर ते पाण्यावरचं विमान येतच नाही. म्हणून सगळे सांगतात, अन्न दोन-चार दिवसांचं जास्तीचं न्या आणि परतीचं तिकीट बदलता येईल असं घ्या. एवढी एक गोष्ट मला समंजसपणाची वाटली. संध्याकाळी अश्लेषाला म्हटलं, "त्याला सांग, परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं घे."

तो ताटाकडे बघत म्हणाला, "आई, टेल हिम आय बुक्ड वन-वे."

मी ताक न घेताच उठलो.

शुक्रवार, २३ मे

यतीनचा फोन. बातमी पोचायला इतके दिवस लागले याचंच आश्चर्य. "श्रीनिवास, अरे, मुलं म्हणजे अशीच. तू मनाला लावून घेऊ नकोस." मनाला मी काही लावून घेतलेलं नव्हतं, पण त्याने लावूनच फोन ठेवायचा असं ठरवलेलं होतं. मग त्याच्या मुलीला, ऋजुताला, बढती मिळाल्याचं ऐकवलं. ती आर्नहेमला विजेच्या कंपनीत आहे, हे मला माहीत नसल्यासारखं पहिल्यापासून.

शेवटी म्हणाला, "तुमचा डच पासपोर्ट ना? मग तिकडे तरुण पोरांना वर्षभर राहून काम करायचा व्हिसा मिळतो. तो राहतो बघ तिकडेच. एकदा कॅनडा बघितला की ही मुलं परत येत नाहीत." एवढं बोलून त्याने अश्लेषाला नमस्कार सांगितला. मी तो पोचवला नाही.

एकाच बाजूचं तिकीट, त्यावर हे. आता मला काही शंका राहिलेली नाही. हा परत येणार नाही. मी म्हटलं, आणि त्याने ओके म्हणून ते मान्य केलं, इतका आज्ञाधारक तो आयुष्यात दुसऱ्या कशात नव्हता.

रविवार, १ जून

दुपारी सायकल घेऊन सहज रॉटेमेरेनकडे गेलो. आमच्या कापेलहून फार लांब नाही, वाराही बरा होता. तिथे तळ्यावर गंधार आणि यूप सराव करत होते, हा योगायोग. मी झाडांपलीकडच्या बाकावर बसलो. बाक सगळ्यांसाठी असतात.

दोघांनी होडी मुद्दाम उलटी केली. पाण्यात पडले, डोकी वर आली, हसले, होडी सरळ केली आणि पुन्हा उलटी केली. हे तास-दीड तास चाललं होतं. रॉटेमेरेनचं पाणी ते. काठावर बदकं आणि आइस्क्रीमची गाडी. त्या न्हाणीतलं पाणी बर्फातून आलेलं असतं, त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत ऐकेनासे होतात. तिथे पोहता येण्याचा उपयोग नाही, आत पाणी न शिरू देणारा जाड सूट लागतो. हे दोघे अर्ध्या चड्डीत.

एकदा गंधार बराच वेळ वर आला नाही. मी उभा राहिलो. मग तो होडीच्या पलीकडच्या बाजूने निघाला. यूप ओरडून हसला. असल्या मित्राचं करायचं काय?

घरी येऊन अश्लेषाला म्हटलं, "त्याला सांग, सूटची साइज घालून बघून घे. ऑनलाइन मागवलास तर मनगटातून पाणी शिरतं." ती म्हणाली, "तुझी पँट मागून हिरवी कशाने झालीये?" बाक ओला होता.

शनिवार, ७ जून

जेवणाच्या टेबलावर सामान मांडलेलं. जेवायचं कुठे, हे कोणी विचारायचं नाही.

"त्याला सांग," मी म्हटलं, "अस्वलाच्या तोंडावर मारायचा स्प्रे विमानात नेऊ देत नाहीत. इथून घेऊन शिफोल विमानतळावर जप्त करून घेऊ नकोस. तिकडे शेवटच्या गावात घ्यायचा."

"आई, टेल हिम आय नो."

"त्याला सांग, नुसता पिशवीत ठेवून उपयोग नाही, हाताशी लागतो. अस्वल पिशवी उघडेपर्यंत थांबत नाही."

"रुस्तीग, बाबा," तो म्हणाला. रुस्तीग म्हणजे शांत, सावकाश. महिन्याभरात माझ्याशी थेट बोललेला पहिला शब्द, आणि तो डच. बोलून गेल्यावर त्याच्याही लक्षात आलं आणि तो झिपा लावत बसला.

अश्लेषाने लसणाची चटणी, मेतकूट आणि साजूक तुपाची बाटली आणून ठेवली. मी म्हटलं, लसूण नेतोय की अस्वलाला आमंत्रण? तिकडे वास येणारी प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, घट्ट झाकणाच्या पिंपात घालून तंबूपासून लांब ठेवतात. ती म्हणाली, "मग चटणी पिंपात ठेवेल. चटणी जाणार." गंधार म्हणाला, "चटणी इज गोइंग." दोघे एका बाजूला झाले की घरात माझं मत म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. दिसतं सगळ्यांना, बघतं कोणी नाही.

उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र मात्र त्याने घेतलंय. ते मी सांगितलं म्हणून नाही, यूपच्या आईने हट्ट धरला म्हणून. मी पंधरा दिवस तेच सांगत होतो. डच बाईने म्हटलं की ती सुरक्षा, मी म्हटलं की ते कंट्रोल. अश्लेषाने विचारलं, "निरोप कोणाकोणाला येणार?" तो म्हणाला, "यू." जरा थांबून, "अँड हिज नंबर टू, आय गेस." नकाशावर तो कुठे आहे तो ठिपकाही दिसतो म्हणे. मी अश्लेषाला सांगून टाकलं, मी तो ठिपका बघणार नाही. मला माणसाच्या मागावर राहायची सवय नाही.

रविवार, १५ जून

आज इथला वडिलांचा दिवस. दुकानात आठवडाभर मोज्यांचे ढीग होते. मला मोजे मिळाले नाहीत, अपेक्षाही नव्हती.

सकाळभर बॅग काट्यावर टाकणं चाललं होतं. पाण्यावरच्या त्या विमानात माणूस आणि सामान मिळून वजन धरतात, माणसाने स्वतःचं वजनही खरं सांगावं लागतं. काट्यावर आकडा आला की गंधार खूश, बॅग भरलीच. मी वर्तमानपत्रातून म्हटलं, "त्याला सांग, आपला काटा दोन किलो कमी दाखवतो." अश्लेषा म्हणाली, "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?" हा तिसराच वाद सुरू झाला. तेवढ्यात गंधारने निमूटपणे बॅगेतून एक जाडजूड पुस्तक आणि एक जोडी बूट काढले. तूप काढलं नाही.

दुपारी चहाबरोबर माझ्यापुढे एक बशी आली. ब्रेडवर लोणी आणि चॉकलेटचे दाणे, कडा कापलेल्या. लहानपणी मी त्याला असं करून द्यायचो, शाळेच्या डब्यात. बशी कोणी ठेवली ते बघितलं नाही. अश्लेषा तेव्हा बागेत होती. मी खाल्लं, पण दाणे फार घातले होते.

शनिवार, २८ जून

गेला.

सकाळी बॅगा दारात. यूप त्याच्या बापाच्या गाडीत बाहेर थांबलेला. अश्लेषाने देवापाशी नमस्कार करायला लावला, हातावर दही ठेवलं. तो सगळं मुकाट करत होता. मी हॉलमध्ये उभा होतो. मी ठरवलं होतं, तो काही म्हणाला तर मीही काहीतरी म्हणायचं. काय ते ठरवलं नव्हतं.

तो माझ्यासमोर आला. बॅगेचा पट्टा खांद्यावर चढवला. आणि मराठीत, दीड महिन्यात पहिल्यांदा मराठीत, म्हणाला, "बाबा, जातो."

जातो. आपल्यात घराबाहेर पडताना कोणी जातो म्हणतं का? भाजी आणायला निघालेला माणूसही येतो म्हणतो. स्टेशनवर, हॉस्पिटलात, कुठेही जा, निघताना येतो. जातो म्हणायचं ते कायमचं निघायचं असेल तर, आणि तेही कोणी म्हणत नाही, तोंडाशी आलं तरी गिळतात. अश्लेषाच्या हातातली दह्याची वाटी तशीच राहिली. त्याला मराठी येत नाही असं म्हणायची सोय नाही. त्याला सगळं कळतं. नेमका हाच एक शब्द त्याला मराठीत सुचला.

मी म्हटलं, "जा."

तो वळला. अश्लेषा तशीच अनवाणी मागे धावली. खिडकीतून दिसलं, सायकलच्या शेडपाशी तिने त्याला धरून उभं केलं आणि बोट नाचवत काहीतरी सांगत होती. तोही काहीतरी विचारत होता. रडारड असणार. मी पडदा सोडला. ती आत आली ती माझ्याकडे न बघता वर गेली.

मंगळवार, १ जुलै

अश्लेषाने बोलणं सोडलं. आधी निदान मध्यस्थ होता, आता तोही संपावर. घरात फक्त फ्रिज बोलतो.

काल फोर्ट सिम्पसनला पोचल्याचा निरोप दोघांच्याही फोनवर आला. इंग्रजीत, दोन शब्द. तिने तो वाचला, मी तो वाचला, दोघे दोन खोल्यांत.

गुरुवार, ३ जुलै

फोर्ट सिम्पसनला पाऊस, ढग खाली आलेले. कंटेनरसाठी रोज जगभरचं हवामान बघतोच, त्यात हेही दिसतं. अशा हवेत पाण्यावरचं विमान उडत नाही. म्हणजे दोघे गावात अडकून बसलेत, तंबूत, डासांत. तिथले डास चेहऱ्यावर जाळी घातल्याशिवाय जेवू देत नाहीत असं वाचलंय. जाळी घे म्हणून सांगायचं राहिलंच.

रविवार, ६ जुलै

संध्याकाळी निरोप आला. रोमन अक्षरांत एकच शब्द. वाय, ई, टी, ओ. येतो.

मी दोनदा वाचला. येतो. तिकडे आठवडाभरसुद्धा टिकला नाही. ढग, डास आणि ओला तंबू, एवढ्यात नदी उतरायची हौस फिटली. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. बाप काय मूर्ख म्हणून बोलतो?

अश्लेषा खाली टीव्हीसमोर होती. तिचाही फोन वाजला होता, पण ती वाचून पुन्हा टीव्ही बघायला लागली. चेहऱ्यावर आनंद नाही की काही नाही. माझ्यापाशी हरल्याचं कबूल करायला नको म्हणून. मी पुन्हा वर आलो. तो दारात उभा राहील तेव्हा तिलाच दार उघडू दे.

शांतपणे हिशेब मांडला. ठिपका बघायची गरज नाही, ते माझं कामच आहे. आज तिथून येलोनाइफ, उद्या कॅलगरी, तिथून रात्रीचं थेट विमान. परवा, मंगळवारी सकाळी शिफोल. दुसरी कुठली वाटच नाही.

सोमवार, ७ जुलै

ऑफिसात उद्याची सुट्टी टाकली. दाताचं कारण दिलं. साहेब म्हणाला, तू कधी सुट्टी घेत नाहीस, फार दुखतंय का? म्हटलं, बरेच दिवस.

त्याच्या खोलीतली गादी उघडी पडली होती, तिच्यावर धूळ बसते म्हणून चादर घातली. येताना दुकानातून चॉकलेटच्या दाण्यांचं खोकं आणलं. घरातलं संपलंच होतं.

उद्या काय बोलायचं ते मनात तयार आहे. मुख्य मुद्दा असा, की नोकरी अशी मिळत नसते, यतीनकडे मी पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि या घरात राहायचं तर काही नियम असतील. दारात उभं राहू द्यायचं की नाही, ते मी तिथेच ठरवीन. गाडीने न्यावं तर पार्किंगची कटकट, त्यापेक्षा ट्रेन बरी. पण त्याची बॅग जड असेल. गाडीच नेतो.

मंगळवार, ८ जुलै

शिफोलला बाहेर पडायच्या दारासमोर जत्रा. लोक फुगे घेऊन, चादरींवर नावं रंगवून उभे. आठ दिवस तुर्कस्तानला जाऊन आलेल्या बाईसाठी अख्खं कुटुंब कागदी टोप्या घालून आलेलं. या लोकांना आनंद साजरा करायला कारण लागत नाही. मी खांबाशी उभा राहिलो, हातात काही नाही.

कॅलगरीचं विमान उतरलं. लोक आले. पाठीला बॅग लावलेली, दाढी वाढलेली तीन-चार पोरं आली, त्यांतला एक लांबून अगदी त्याच्यासारखा चालत होता. मी हात वर केला. त्या पोरानेही केला, माझ्या मागे त्याची आई होती. मग लोक कमी झाले. मग चाकाच्या खुर्चीतले म्हातारे आले. मग वैमानिक आणि विमानातल्या मुली आपापल्या बॅगा ओढत आल्या. दार बंद झालं.

मी पुढच्या विमानाची वाट पाहिली. ते टोरंटोचं होतं. तिकडूनही येऊ शकतो, जोडविमान चुकलं तर. त्यातही नव्हता. चौकशीच्या खिडकीतल्या बाईने प्रवाशांची नावं सांगता येत नाहीत म्हणून सांगितलं. म्हटलं, माझा मुलगा आहे. ती म्हणाली, "मग त्याला फोन करा." या देशात प्रत्येकाला सगळं सोपं वाटतं. मी तिला जरा जास्तच बोललो.

गाडीत येऊन बसलो. येतो म्हणाला आणि आला नाही. नदीत माणूस जातो, दरीत जातो, त्या उद्यानात कचेरीत नोंद काही उगाच करत नाहीत. सगळं वाचलेलं एकदम आठवलं. मला गाडी सुरू करता येईना. भीती वाटली, फार वाटली.

घरी आलो तर अश्लेषा दवाखान्यातून आलेली. मी बुटांसकट आत गेलो आणि म्हटलं, "तो आला नाही."

"कोण?"

"गंधार. कॅलगरीच्या विमानात नव्हता. टोरंटोच्याही नव्हता. मी सकाळपासून शिफोलला होतो."

ती म्हणाली, "तू शिफोलला का गेलास?"

मी फोन पुढे केला. तिने निरोप वाचला. मग आपला फोन आणून माझ्यापुढे धरला. रविवारी संध्याकाळचाच निरोप, इंग्रजीत. हवा उघडली, दोन दिवस धबधब्यापाशी होतो, सगळं ठीक, आता होडी पाण्यात टाकतोय, चटणी संपत आली. तिला एवढं सगळं आणि मला एक शब्द.

"मला हा येतो नाही पाठवला त्याने," ती म्हणाली. "हा फक्त तुला आहे."

"पण आला कुठे?"

"अरे श्री, तो निघाला. निघताना येतो म्हणालाय."

मी खाली बसलो. ती पण बसली, समोर. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"त्या दिवशी शेडपाशी मी त्याला ओरडले," ती म्हणाली. "म्हटलं, घरातून निघताना जातो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं. मला म्हणतो, बट आय'म गोइंग. म्हटलं, म्हणूनच. त्याला खरंच माहीत नव्हतं रे. तुझ्याशी मराठीत बोलायचं म्हणून वर खोलीत पाठ करून आला होता."

मी बूट काढायला लागलो.

"मग मला विचारलं, ईव्हन इफ बाबा सेड डोन्ट कम बॅक? तरीही येतोच म्हणायचं? म्हटलं, तेव्हा तर जास्तच."

मला रागच आला. दोन महिने मी त्याला मुक्कामांच्या, विमानांच्या, अस्वलांच्या सूचना देत होतो. हिने त्याला दारात उभं करून एकच दिली, आणि त्याने तीच पाळली. चार अक्षरं, रोमनमध्ये. मी ती वाचून त्याची गादी घातली, भाषण तयार केलं आणि खांबाशी उभा राहिलो. माझ्या कामात एवढी चूक केली असती तर जहाज दुसऱ्याच खंडात गेलं असतं.

अश्लेषाने नकाशा उघडला. मी नाही म्हटलं नाही. ठिपका धबधब्याच्या बराच खाली होता, नदीच्या वळणात. दोघे बघत बसलो. थोड्या वेळाने तो पुढच्या वळणावर दिसला. घरापासून लांबच चालला होता.

"त्याला सांग," मी म्हटलं.

तिने फोन माझ्याकडे सरकवला. "तूच सांग."

मी लिहायला लागलो. अन्न पुरवून वापर, बाहेर आल्यावर कचेरीत कळवायला विसरू नकोस, मनगटाशी पाणी शिरत असेल तर चिकटपट्टी लाव, डासांची जाळी घेतलीस का. फोनने सांगितलं, अक्षरं संपली. मी सगळं खोडलं. मग रोमनमध्ये दोन अक्षरं टाकली, वाय आणि ई, आणि पाठवलं.

ते वाचून अश्लेषा म्हणाली, "ये? एवढंच?"

म्हटलं, "येतो म्हणणाऱ्याला दुसरं काय म्हणतात?" आणि वरच्या खोलीतली चादर काढू नकोस, हेही तिला सांगून ठेवलं.